सरांची सही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'यशस्वी उद्योजक' म्हणून बोलायला उभं केलं आहे. माझं वेल्डिंगचं दुकान आहे, आठ माणसं कामाला आहेत. वखर, डवरे, पेरणीयंत्र, ट्रॉली, गेट, ग्रिल ही आमची कामं. याला उद्योजक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आज कर्जाबद्दल बोलणार आहे, कारण माझं दुकान कर्जावर उभं राहिलं आणि कर्जानेच एकदा बुडता बुडता वाचलं.

मी दहावीला गणितात नापास झालो हे इथे सगळ्यांना माहीत आहे. गणिताचे सर पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे लपवून उपयोग नाही. आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केला आणि वाळूजच्या एमआयडीसीत सहा वर्षं काढली. १९९६ ला वडील आजारी पडले म्हणून चिखलीला परत आलो. हाताला काम होतं, पण मशीन नव्हती.

तेव्हा पंतप्रधान रोजगार योजना होती, १९९३ च्या गांधी जयंतीला सुरू झालेली. तिची एक अट मला फार आवडायची. अर्जदार मॅट्रिक 'पास किंवा नापास' चालेल, असं त्यात लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नापास असणं एखाद्या फॉर्ममध्ये बसत होतं! वय अठरा ते पस्तीस, एक लाखापर्यंतचा प्रकल्प, आपले पाच टक्के, आणि पंधरा टक्के सबसिडी, पण साडेसात हजारांच्या वर नाही. ती सबसिडीही हातात येत नसे, बँकेत ठेव म्हणून राहायची आणि शेवटी कर्जात वळती व्हायची. 'सरकारने पैसे वाटले' म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

बुलढाण्याला जिल्हा उद्योग केंद्रात मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, महिन्याला किती वखर विकाल? मी म्हणालो, वीस. त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात की पावसाळ्यात? मी गप्प. शेतीच्या अवजारांचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही, मृगाच्या आधी दीड-दोन महिने गर्दी असते आणि मग शुकशुकाट. हप्ता मात्र बाराही महिने येतो. हा प्रश्न त्यांनी विचारला, पण मी तो घरी येईपर्यंत विसरलो. मंजुरी मिळाली. बँकेत चार-पाच चकरा झाल्या, त्यातल्या दोन साहेब जेवायला गेले म्हणून वाया गेल्या. पण १९९७ च्या मार्चमध्ये वेल्डिंग मशीन, ड्रिल मशीन, कटर आणि पत्र्याचं शेड उभं राहिलं. ते कर्ज मी वेळेत फेडलं.

आता खरी गोष्ट. आपल्या भागात सोयाबीन वाढत गेलं तशी लोखंडी पेरणीयंत्रांची मागणी वाढली. माल तयार ठेवायचा तर अँगल-पट्टी आधी भरावी लागते. २००४ च्या सुरुवातीला मी एका पतसंस्थेकडे चाळीस हजार मागितले. त्यांना दोन जामीनदार हवे होते, त्यातला एक पगारदार. माझ्या नात्यात पगारदार कोणी नाही. मी तीन दिवस विचार करून सरांच्या घरी गेलो. सरांनी चहा दिला, फॉर्म पूर्ण वाचला, आणि सही केली. एवढंच म्हणाले, "काहून रे, या वेळी तरी पास होशील ना?"

त्या साली पाऊस उशिरा आला आणि मधे दडी मारून बसला. पेरणीयंत्रं विकली गेली होती, पण उधारीवर. 'सोयाबीन निघाल्यावर देतो' हा आपल्याकडचा बोलीचा करार. सोयाबीनच निघालं नाही. लोकांना काय म्हणणार? कोणी लबाड नव्हतं. मी पाच हप्ते थकलो, आणि मित्रहो, मी वसुलीवाल्यांना टाळायला लागलो. दुकानाचं शटर अर्धं पाडून आत काम करायचो.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की जामीनदारालाही सोडत नाहीत, आणि पगारदार असेल तर पगारातूनही कपात होऊ शकते. हे मला सही घेताना नीट ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक होतं. नोटीस शाळेच्या पत्त्यावर गेली. शिपायाने ती स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर सरांच्या हातात दिली. हे मला सरांनी कधीच सांगितलं नाही, सात-आठ वर्षांनी दुसऱ्या एका बाईंकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर सायकलवर दुकानात आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "उधारीची वही आण." वही म्हणजे काय, चार ठिकाणी लिहिलेले कागद. सरांनी स्टुलावर बसून एकेचाळीस नावं उतरवली. बेरीज निघाली बावन्न हजार. म्हणजे मी चाळीस हजार कर्ज काढलं होतं आणि बावन्न हजार स्वतः वाटून बसलो होतो, तेही बिनव्याजी. सर म्हणाले, "अरे, तुझी तर पतसंस्थाच आहे."

मग त्यांनी नावांपुढे खुणा केल्या. आता देऊ शकणारे, हरभरा-गहू आल्यावर देणारे, आणि यंदा ज्यांना विचारायचंच नाही असे. पहिल्या यादीत नोकरी किंवा दुसरा धंदा असलेले चौदा जण निघाले. त्यांच्याकडे मी भिडेपोटी गेलोच नव्हतो. काहींनी तूर दिली, एकाने ज्वारीची दोन पोती. ती विकून एक हप्ता भरला.

त्याच रात्री सरांनी मला व्याज शिकवलं. दहा हजार रुपये, बारा टक्के, बारा महिने. फ्लॅट रेटने व्याज बाराशे. घटत्या शिलकीवर, दरमहा सारखं मुद्दल फेडत गेलात, तर साडेसहाशे. दर तोच, पैसे जवळपास दुप्पट. दहावीत हे गणित असंच मांडलं असतं तर मी पास झालो असतो, असं मी म्हणालो. सर म्हणाले, "तेव्हा तुझं कर्ज नव्हतं."

दुसऱ्या सकाळी सर माझ्यासोबत पतसंस्थेत आले. आम्ही न बोलावता गेलो, यानेच निम्मं काम झालं. हप्ते लांबवून मिळाले. २००६ च्या मे महिन्यात बेबाकी दाखला हातात आला. त्याची प्रत सरांना द्यायचं मी तेव्हा विसरलो. आज आणली आहे, सर, खाली उतरलो की देतो.

तेव्हापासून माझ्याकडे निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पेरणीयंत्राला कटर लागत नाही. पावसाळ्यानंतर गेट, ग्रिल आणि शेडची कामं घेतो, म्हणजे हप्त्याला बाराही महिने आधार राहतो. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला नऊ वर्षं लागली.

आपल्या जिल्ह्याला पतीचं महत्त्व बाहेरून शिकायची गरज नाही. आपण सातवीत होतो त्या १९८६ साली राधेश्याम चांडक, म्हणजे भाईजींनी, बुलढाणा अर्बन सुरू केली. बहात्तर सभासद आणि बारा हजार रुपये भांडवल. आज तिच्या शाखा महाराष्ट्राबाहेरही आहेत. शेतमाल गोदामात ठेवून त्यावर कर्ज द्यायचं काम त्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं. याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. सोयाबीन निघाल्या निघाल्या पडत्या भावात विकायची घाई नाही, आणि माझ्यासारख्याची उधारीही दिवाळीपर्यंत लटकत नाही.

आपल्याच वर्गातल्या दोघींनी बचत गटातून सुरुवात केली. एक पापड-कुरडया करते, दुसरीने गटाच्या कर्जातून शिलाई मशीन घेतली. त्यांनी मला सांगितलं की गटात हप्ता चुकला तर नोटीस येत नाही, शेजारीण दारात येते. मला वाटतं ही नोटीसपेक्षा कडक पद्धत आहे, कारण शेजारणीसमोर शटर पाडता येत नाही.

आता मुलांसाठी मुद्रा योजना आहे, २०१५ पासून. शिशु पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. त्यासाठी तारण लागत नाही. हे चांगलं आहे. पण तारण नाही म्हणजे फेडायचं नाही, असा अर्थ काही पोरं काढतात. पूर्वी थकबाकी शाळेच्या पत्त्यावर जायची, आता सिबिलमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक बँकेच्या टेबलावर आधी पोचते.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला धंदा टाकायचा असेल तर दुकानावर पाठवा. सकाळी दहाच्या आत, नंतर कटरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. येताना त्याने एक कागद आणावा, कोणत्या महिन्यात किती विकेल ते बारा ओळींत लिहिलेला. मी आतापर्यंत तिघांना जामीन राहिलोय. त्यातल्या एकाचे दोन हप्ते सध्या थकलेत, आणि तो इथे मंडपात जेवण वाढतोय. अबे, उद्या वही घेऊन ये.