विवाह, विषमता आणि गुप्तरोग

(हिंगोली येथे युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मसुदा)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने गुप्तरोगांवर बोलावे याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय डॉक्टरांचा आहे, असे मीही पुष्कळ वर्षे मानत होतो. परंतु ज्या रोगांचा प्रसार जंतूंइतकाच माणसामाणसांतील विषमतेवर अवलंबून असतो, ते रोग केवळ वैद्यकाचा विषय राहत नाहीत. दोन माणसे प्रथमच एकत्र येतात तेव्हा कोणाला काय ठाऊक असते, कोणाला काय विचारता येते आणि न विचारण्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. समाजवादाचे तर ते आहेतच.

आपल्या भागात, निदान मुलींच्या बाबतीत, पहिला शरीरसंबंध बहुधा विवाहानंतरच येतो, आणि तोही जवळजवळ अनोळखी माणसाशी. हा विवाह ठरवताना आपण काय पाहतो? जात पाहतो, पत्रिका पाहतो, नोकरी आणि सातबारा पाहतो. वसमतच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज व्यापारी भाव बोलत नाही. माणसांना मालाच्या पंक्तीत बसवण्याचा माझा हेतू नाही. परंतु व्यवहारात इतका जागरूक असलेला समाज विवाहाच्या वेळी नेमका एकच प्रश्न गिळून टाकतो, हे ध्यानात घ्यावे. माझ्या पुतणीचे लग्न ठरले तेव्हा मुलाच्या पगाराची चौकशी मी दोन ठिकाणी केली. प्रकृतीचा प्रश्न मात्र माझ्या तोंडून निघाला नाही. तिचे पुढे सारे कुशल झाले, पण त्याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही.

'पहिलाच संबंध आहे, मग धोका कसला?' असे म्हटले जाते. या समजुतीत दोन चुका आहेत. एकाचा पहिला संबंध हा दुसऱ्याचाही पहिलाच असतो, असे नाही. आणि दोघांचाही तो पहिला असला, तरी एच.आय.व्ही. किंवा 'ब' प्रकारची कावीळ जन्मतः आईकडून अथवा दूषित रक्तातून आलेली असू शकते. म्हणून रोग हा चारित्र्याचा दाखला नव्हे, आणि रोग नसणे हाही नव्हे. शिवाय चेहरा पाहून काहीच कळत नाही. उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांची जगात दररोज दहा लाखांहून अधिक नवी लागण होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतील बहुतेकांत लक्षणेच दिसत नाहीत.

आता महाराष्ट्रातील पुरावा पाहू. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांत वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची बाधा आढळली. हे प्रमाण चिकित्सालयांत आलेल्यांचे आहे, सर्व समाजाचे नव्हे, हे मान्य. परंतु त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि स्वतःच्या पतीखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. पातिव्रत्य हे रोगापासूनचे कवच आहे, असे आपण मुलींना पिढ्यान् पिढ्या शिकवले. ते कवच नव्हते.

त्याआधी, १९८९ साली, डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष मांडले होते. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होता. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच आपले मौन.

हे मौन मोडणारा माणूसही याच महाराष्ट्रात होऊन गेला. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे मराठीत उघडपणे लिहिले. त्यांना नोकरी गमवावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्ञान दडवण्यात कोणाचे हित आहे, हे त्या दोघांनाही नेमके कळले होते.

अर्थशास्त्रात विषम माहितीचा सिद्धांत आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली तो मांडला आणि २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. एका पक्षाला सारे ठाऊक असते आणि दुसऱ्याला काहीच नसते, तेव्हा व्यवहाराचा तोटा न जाणणाऱ्याला सोसावा लागतो. विवाहात मात्र माहितीच्या विषमतेला सत्तेच्या विषमतेची जोड मिळते. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाहा. मुकादमाची उचल जोडप्यावर मिळते, जोडप्यालाच 'एक कोयता' म्हणतात. मग कोयता पुरा करण्यासाठी अठरा वर्षे न भरलेल्या मुलीचेही लग्न घाईने उरकले जाते. कायद्याने हा गुन्हा आहेच. पण त्या मुलीने पहिल्या रात्री नवऱ्याला 'तुमची तपासणी झाली आहे का?' असे विचारावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिला ना माहिती, ना नकाराचा अधिकार, ना परतण्याची जागा.

यावर कोणी म्हणेल, विवाहापूर्वी तपासणी सक्तीची करा. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ साली एच.आय.व्ही.बाबत हेच केले. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांत अवघे ८ बाधित सापडले. एका बाधितामागे खर्च सुमारे ३ लाख १२ हजार डॉलर. असंख्य जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करून आली आणि १९८९ साली कायदा मागे घ्यावा लागला. शिवाय नुकतीच लागण झालेली असेल तर चाचणीत ती काही आठवडे दिसतच नाही. एकदाच मिळवलेला दाखला खोटी निश्चिंती देतो. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीवाचून एच.आय.व्ही. चाचणी करण्यास मनाई केली आहे. ते योग्यच आहे. आपल्या समाजात सक्तीचा दाखला प्रथम मुलीकडेच मागितला जाईल आणि बदनामीही तिचीच होईल, याविषयी मला शंका नाही.

मग करायचे काय? तपासणी स्वेच्छेने व्हावी, दोघांची व्हावी आणि समुपदेशनासह व्हावी. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एच.आय.व्ही.ची चाचणी विनामूल्य व गोपनीय होते. १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. खात्री होईपर्यंत पहिल्या संबंधापासूनच निरोध वापरावा. नागीण आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे विषाणू यांपासून त्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण इतर बहुतेक रोगांचा धोका पुष्कळच घटतो. कावीळ 'ब' आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी लसी आहेत. उपदंश, परमा यांसारखे रोग औषधाने बरे होतात, मात्र दोघांनीही एकाच वेळी उपचार घेतले पाहिजेत. अन्यथा तोच रोग पुन्हा परत येतो. एच.आय.व्ही. बरा होत नसला, तरी नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला की लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. अशा माणसालाही विवाहाचा हक्क आहे, हे विसरू नये.

परंतु ही यादी ज्यांच्यापर्यंत पोचायला हवी, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एच.आय.व्ही.विषयी सर्वंकष ज्ञान देशातील सुमारे २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांनाच असल्याचे दिसले. ही तूट व्यक्तीच्या सद्गुणाने भरून निघणार नाही. शाळेत शरीरशिक्षण हवे, ऊसतोडीच्या फडावर दवाखाना हवा, आणि गावातल्या मुलीला अठरा वर्षांपर्यंत शाळेत ठेवील एवढी मजुरी तिच्या आईबापांना हवी. या मागण्या आपल्या चळवळीच्या यादीत वरच्या क्रमांकावर याव्यात, असे मला वाटते.

आणि एक काम चळवळीची वाट न पाहता करता येईल. तुमच्यापैकी अनेकांची लग्ने अजून व्हायची आहेत. मुलांनो, तपासणीचा विषय तुम्ही स्वतः काढा. आपला अहवाल प्रथम तुम्ही पुढे ठेवा आणि मग दुसऱ्याचा विचारा. ज्याच्या हाती अधिक सत्ता आहे त्याने आधी बोलावे, एवढाच याचा अर्थ. मी पुतणीच्या वेळी गप्प राहिलो. तुम्ही राहू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.