गिरणी आहे, नफा कुठे आहे?

विहीर बांधून काढली म्हणजे मळा पिकतोच असे नाही. उपसा हवा, राबणारा माणूस हवा. कंपनीची इमारत, यंत्रे, माग या कायम मालमत्तेचेही तसेच.

आपल्या सोलापूरचेच पाहा ना. 1877 साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. चात्या, माग जागच्या जागी होते. बिघडला होता तो कारभार. 1950 च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणी ताब्यात घेतली, नवे संचालक नेमले. त्यांनी अग्रहक्काच्या भागधारकांकडे शंभराच्या प्रत्येक शेअरमागे न भरलेले पन्नास रुपये मागितले. एवढी मोठी मालमत्ता, तरी पैशासाठी हात पसरावा लागला! वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1953 च्या डिसेंबरात भागधारकाच्या बाजूने निकाल लागला.

म्हणून शेअरबाजारातल्या कंपनीचा ताळेबंद हाती आला, की मालमत्तेचा आकडा पाहून भुलू नका. तिच्यावर शेकडा नफा किती पडला, ते काढा. मग घसारा पाहा. लाखाचे यंत्र दहा वर्षांत झिजून जाणार असेल, तर दरसाल दहा हजार खर्ची पडले पाहिजेत. ते न धरता दाखवलेला नफा फुगवलेला असतो. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे.