भाऊबिजेनंतरचे आठ दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत शिक्षण, आरोग्य, बचत असे भारदस्त विषय निघतात, आणि ते निघावेतच. मला मात्र घरातलेच काही बोलायला सांगितले आहे. म्हणून भाऊबीज झाल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे जे आठ-दहा दिवस असतात, त्यांच्याविषयी चार शब्द बोलते.

या दिवसांना तसा कुणी मान देत नाही. मध्ये पांडवपंचमी येते, आवळी नवमी येते, एकादशीला देव उठतात. पण आकाशकंदिलाची झिरमिळी एकीकडून सुटलेली असते आणि दारची रांगोळी पुसट झालेली असते. पुरुषमंडळी म्हणतात, दिवाळी संपली. मला विचाराल तर बाईची दिवाळी तिथेच सुरू होते. अभ्यंगाचे पाणी तापवायला पहाटे आधी कोण उठते, आणि सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेल्यात शेवटी कोण बसते, हे या सभेत सांगायला नको. सणाचे चार दिवस आपण सण करतो. तो भोगायचा तर मागाहूनच.

पहिले सुख भाकरीचे. चार दिवस गोडाधोडाने आणि तळणाने तोंड मिटून गेलेले असते. मग एके सकाळी तव्यावर ज्वारीची भाकरी टम्म फुगते, शेजारी झुणका, खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा आणि नव्या कोवळ्या मेथीची भाजी. घरातले सगळे न बोलता जेवतात, आणि कुणी नावे ठेवत नाही! आपल्या मेहकर तालुक्यात पूर्वी घरोघर शेतातली ज्वारी असे. सोयाबीन आले आणि ज्वारीचे रान आकसले. आता पुष्कळ घरी ती विकत आणावी लागते. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या लोकांना भाकरीचा मोठेपणा नव्याने कळला. आपल्याला तो दर दिवाळीनंतर कळतोच.

दुसरे सुख डब्यांच्या तळाचे. चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप मुलांनी केव्हाच वेचून खाल्लेले असतात, उरतात नुसते पोहे. त्यावर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घातले की दुपारच्या चहाला पाहुण्यासारखा मान मिळतो. चकलीचा चुरा दह्यात घालावा, शेव उसळीवर पेरावी. बेसनाचे लाडू फुटले असतील तर ते सारण म्हणून पोळीत भरावेत. मुले पुरणपोळी म्हणून खातात आणि आपण गप्प बसावे. तळणीच्या तेलाबाबत मात्र काटकसर नको. उरलेले तेल एकदा फोडणीला वापरावे, पुन्हा पुन्हा कढवून तळू नये. तेल वारंवार तापले की त्यात अपायकारक द्रव्ये वाढतात. अशी द्रव्ये 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यपदार्थांच्या धंद्यात वापरू नये, असा नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून लागू केला आहे. हॉटेलवाल्याला जो नियम, तो आपल्या कढईला का नको?

तिसरे सुख दिवाळी अंकाचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात हा एक पदार्थ वाढला. पण दिवाळीत तो वाचायला सवड कुणाला? दुपारी भांडी पालथी घालून, उन्हाकडे पाठ करून ओसरीवर बसावे आणि एक कथा एका बैठकीत संपवावी. मधे कुणी हाक मारू नये, एवढीच अट.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते बोलते. भाऊबिजेला आपल्या लेकी येतात, घर भरते, आणि घरातली सून त्यांच्या सरबराईत असते. तीही कुणाची बहीण असते. तिचाही भाऊ ओवाळून घ्यायला वाट पाहत असतो. नणंद सासरी गेली की आता हिने माहेरी जावे, असे सगळेच म्हणतात. पण तोवर कपाशीची वेचणी ऐन भरात येते, मुलांची शाळा तोंडावर येते, आणि "आता कशाला, संक्रांतीला जाशील," असे शब्द कानी पडतात. संक्रांत येते तेव्हा तुरीची कापणी असते! खर्चाची सबब तर आता उरलीच नाही. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. माझे सासूबाईंना हात जोडून सांगणे आहे की सुनेला याच आठवड्यात दोन दिवस का होईना धाडावे, आणि डब्यात फराळ शिल्लक असतानाच धाडावे. रिकाम्या डब्याने माहेरी जाताना काय वाटते, ते आपल्यातल्या पुष्कळजणींनी भोगले आहे. दोन दिवस घरची भाकरी आपण थापू. हात काही विसरलेले नसतात.

आणखी एक. आपल्याकडे भांडी घासायला, सारवायला येणाऱ्या बाया या दिवसांत सकाळीच वेचणीला जातात. किलोमागे मजुरी, ओटी भरेल तेवढी कमाई. वर्षाचे चार पैसे त्यांना याच हंगामात दिसतात. मग कामावर खाडा झाला की आपण चिडतो. या आठ दिवसांत आपापली भांडी आपण घासावी आणि खाड्याचे पैसे कापू नयेत, असे मला वाटते. काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसत आहेत. पडोत. आपल्याला ओसरीवर दुपार मिळते ती कुणाच्या तरी पाठीवरून येते, एवढे हिशेबात धरावे.

पणत्या मात्र फेकू नका. घासून, उन्हात वाळवून ठेवा. तुळशीच्या लग्नाला आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्याच चालतात. ज्यांचे दिवाळी अंक वाचून झाले असतील त्यांनी ते मंडळात आणून द्यावेत, म्हणजे वर्षभर ते हातोहात फिरतील. पाने दुमडू नयेत आणि पाककृतींचे पान कापून घेऊ नये, ही विनंती.