आगीला अडवणारं घर

घर सजवताना टाइल्ससाठी आपण दहा दुकानं पालथी घालतो. पण छताचा बोर्ड किंवा भिंतीचं पॅनेल आगीत कसं वागेल, हे दुकानदाराला सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं.

पूर्ण अग्निरोधक असं काही नसतं. चांगलं साहित्य जिना उतरायला वेळ मिळवून देतं. म्हणून अग्निरोधक दारं मिनिटांच्या हिशेबानं विकली जातात: ६० मिनिटं, १२० मिनिटं.

फॉल्स सीलिंगचं जिप्सम घ्या. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की ते वाफ होऊन निघू लागतं आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपास राहते. पातेल्यात पाणी आहे तोवर भात करपत नाही ना, तसंच. पाणी संपल्यावर साधा बोर्ड तडकून खाली येतो. अग्निरोधक बोर्डात काचेचे तंतू असतात, ते त्याला आणखी काही काळ धरून ठेवतात. फरक पैशांचा थोडा, जिवाचा मोठा.

लोखंड जळत नाही, पण ५५० अंशांच्या सुमारास त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. सळईला वाचवतं ते तिच्यावरचं काँक्रीट. स्लॅब भरण्याआधी, सळईखालीही काँक्रीटचा थर राहावा म्हणून तिथे नीट कव्हर ब्लॉक ठेवलेत की नुसती खडी सरकवली आहे, ते स्वतः वाकून पाहा.

लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर काँक्रीटचाच होता. १४ जून २०१७ ला एका फ्लॅटमधल्या फ्रिजजवळ आग लागली आणि बाहेरून नव्यानं बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियम पॅनेलवरून वर चढली. पॅनेलच्या पोटात पॉलिएथिलीन होतं. ७२ माणसं गेली. तसली एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट) पॅनेलं आपल्या शहरांतही दिसतात. सोसायटीत नूतनीकरण निघालं, तर गाभा कशाचा आहे हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या.

आणि हो, विजेची डक्ट. वायरी नेण्यासाठी दर मजल्यावर पाडलेली भोकं बहुधा उघडीच राहतात. आगीत माणसं भाजण्याआधी धुरानं गुदमरतात, आणि धूर याच भोकांतून वरच्या मजल्यांवर पोहोचतो. टॉर्च घेऊन डक्टचं दार एकदा उघडा. भोकं दिसली, तर मिनरल वूल आणि अग्निरोधक सीलंटनं बुजवून घ्या. प्लंबर मारतात तो साधा फोम तिथे चालणार नाही. तो स्वतःच पेटतो.