निमाडातली काळी भिंत
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाल्यावर आणि प्रसादाच्या आधी आमचं भाषण ठेवलं आहे, म्हणजे आम्ही लांबण लावणार नाही याची कार्यकारिणीने सोय केली आहे. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि निमाडात हातपंपांच्या जागा शोधता शोधता दगडांशी ओळख झाली.

इंदूरचा घाट उतरून खरगोन-बडवानीकडे गेलात, तर कुठे कुठे शेतांमधून पूर्व-पश्चिम गेलेली काळ्या दगडांची सरळ रांग दिसते. जुन्या कोटाची भिंत पडली असावी असंच वाटतं. ती डाइक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि शेवटी जो आत राहिला तो भेगेतच थिजला. भोवतालचा खडक झिजला, भिंत उरली. शेजारच्या नंदुरबार-धुळे भागात अशा 200 हून अधिक डाइक मोजल्या आहेत. सर्वांत लांब 79 किलोमीटरची आहे.

कोणत्या भेगेतून कोणता लाव्हा आला, हे डोळ्यांनी कळत नाही, कारण वरचे थर कधीच वाहून गेले. मग दगडाची तपासणी करावी लागते. वर येताना लाव्हा खंडाच्या जुन्या कवचात रेंगाळला, तर स्ट्रॉन्शियम-87 आणि 86 यांचं गुणोत्तर वाढतं. प्रतापगडाजवळच्या आंबेनळी घाटाचं नाव दिलेल्या थरांत ते 0.704 च्या आसपास असतं, बुशे नावाच्या थरांत 0.713 च्याही वर. आपल्याला हा फरक किरकोळ वाटतो, पण दगडांत तो फार मोठा. अशाच जुळणीवरून आंध्रातल्या राजमहेंद्रीचा लाव्हा सह्याद्रीकडून शेकडो कोस वाहत गेल्याचं मानलं जातं. गाव सोडून लांब जाऊन राहणारे आपणच पहिले नव्हे!

नर्मदा-तापीकडच्या काही डाइक तपासात आंबेनळीसारख्या दिसल्या. पण शिशाचे समस्थानिक पाहिले, तर ते जुळेनात. चेहरा तोच, कूळ निराळं. सह्याद्रीच्या वरच्या थरांशी नाशिक-पुण्याकडच्या डाइक अधिक जुळतात, आणि त्या वाटेल त्या दिशेने गेल्या आहेत. आमच्याकडच्या बहुतेक एकाच दिशेच्या, कारण इथली जमीन त्या काळी उत्तर-दक्षिण ताणली जात होती.

आता आमच्या फजितीची गोष्ट. एका गावी अशा भिंतीच्या उताराकडच्या बाजूला आम्ही दोन बोअर घेतले. दोन्ही कोरडे. एक म्हातारे शेतकरी पहिल्या दिवसापासून सांगत होते, की वरच्या बाजूला पाहा, आमच्या विहिरी तिकडेच टिकतात. आम्ही ऐकलं नाही. रस्ता खालून जात होता, मशीन तिथे सहज पोचत होतं. तिसरा बोअर वर घेतला, तेव्हा पाणी लागलं. घट्ट डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. तीच भेगाळलेली असेल तर उलट पाणी वाहून नेते, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाहावंच लागतं.

गेल्या वर्षी त्याच भिंतीची खडी करायचा प्रस्ताव आला. दगड उत्तम आहे, रस्त्याला हवाच आहे. आम्ही टिपणीत लिहिलं, की वरच्या विहिरींची पातळी आधी दोन उन्हाळे मोजावी, भिंत जमिनीखाली किती खोल आणि किती घट्ट आहे ते पाहावं, मग सुरुंगाचं बोलावं. एक उन्हाळा मोजून झाला आहे. फाईल अजून वरून परत आलेली नाही.