सुतारकाम ते पतितपावन : भागोजीशेठ कीर

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आई योगेश्वरी ही कोकणातल्या असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. घाट ओलांडून त्यांची पावले पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावाकडे वळत आली आहेत. आज आपण उलट दिशेने, रत्नागिरीला जाणार आहोत. कारण ज्यांचे स्मरण मला करायचे आहे, ते भागोजीशेठ कीर तिथले. मराठवाड्यात हे नाव फारसे कानी पडत नाही, याची मला खंत वाटते.

भागोजी भंडारी समाजातले, घरची अत्यंत गरिबी. पोरवयातच त्यांनी मुंबई गाठली आणि सुतारकाम पत्करले. रंधा, पटाशी आणि करवत हेच त्यांचे विद्यापीठ. पुढे शापूरजी पालनजी यांच्याकडे काम करता करता ते बांधकामाचे कंत्राटदार झाले. कंत्राटदारी म्हणजे काय, हे इथल्या व्यापारी मंडळींना सांगायला नको. मजुरांची आठवड्याची मजुरी रोख मोजावी लागते, चुना-विटांचे पैसे आधी द्यावे लागतात, आणि बिल मात्र महिनोन्‌महिने अडकून पडते. अशा धंद्यात देवासाठी काढलेला प्रत्येक रुपया हा व्यवसायाच्या भांडवलातून काढलेला असतो. ‘शेठजींनी देणगी दिली’ असे आपण सहज बोलून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

असे सांगतात की, शिवभक्त भागोजींना जातीमुळे देवाच्या गाभाऱ्यापासून दूर राहावे लागले. त्यांनी संतापून धर्म सोडला नाही, की मुकाट्याने घरीही बसले नाहीत. रत्नागिरीत त्यांनी स्वतःचे भागेश्वर मंदिर उभारले.

स्वातंत्र्यवीर सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी, म्हणून त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे काम हाती घेतले. ज्या मंदिरात सर्व हिंदूंना समान प्रवेश आणि पूजेचा समान अधिकार असेल, असे मंदिर हवे, ही कल्पना त्यांची. पण नुसत्या कल्पनेने भिंत उभी राहत नाही. खर्चाचा भार भागोजीशेठनी उचलला. 1929 मध्ये कोनशिला बसली आणि 22 फेब्रुवारी 1931 रोजी पतितपावन मंदिरात शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील नेते राजभोज यांनी त्या प्रसंगी शंकराचार्यांची पाद्यपूजा केली. त्या वेळी आपले गाव निजामी राजवटीत ‘मोमिनाबाद’ म्हणून ओळखले जात होते. तिकडे नाशिकला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालूच होता आणि दरवाजे बंदच होते.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. नवे मंदिर बांधल्याने जुन्या मंदिराचे कुलूप निघते काय? निघत नाही. ज्यांना शतकानुशतके बाहेर उभे केले, त्यांना वेगळे देऊळ दाखवून पापक्षालन होत नाही, हा आक्षेप खराच आहे. तो टाळून पुढे जाणे मला पटत नाही. मात्र पतितपावन हे कुणा एका जातीसाठी वेगळे काढलेले देऊळ नव्हते. ब्राह्मणापासून भंग्यापर्यंत सर्वांनी एकाच गाभाऱ्यात, एकाच मूर्तीपुढे उभे राहावे, हीच तिथली अट होती. सनातन्यांचा रोष झाला तो यामुळेच. 1933 मध्ये रत्नागिरीत अखिल हिंदू उपाहारगृह निघाले, तिथे महार बंधूच्या हातचा चहा मिळे. मंदिरापेक्षाही तो चहा अनेकांना अधिक जड गेला असावा!

धंद्याची घडी मोडू शकेल, नातलग नावे ठेवतील, बडे ग्राहक दुरावतील, ही सारी भीती व्यापाऱ्याला असते. सावरकरांना गमावायला घरदारही उरले नव्हते. भागोजीशेठजवळ मात्र गमावण्यासारखे पुष्कळ होते. म्हणून त्यांचे धैर्य मला वेगळ्या जातीचे वाटते.

त्यांच्या दानाची यादी मोठी आहे. आळंदीची धर्मशाळा तीत आहे, आणि मुंबईत दादरच्या समुद्रकिनाऱ्यावरील हिंदू स्मशानभूमीही आहे. शिवाजी पार्कजवळची ती भूमी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 7 डिसेंबर 1956 रोजी लक्षावधी शोकाकुल अनुयायांच्या साक्षीने डॉ. बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला, तो तिथेच.