गोड ज्वारीची तोडणी : घाई नको, उशीरही नको
(मासिक बैठकीतील भाषण)



आज आधी माझी चूक सांगते. मागच्या खरिपात आपल्या एका गटाने काकवीसाठी गोड ज्वारी लावली होती. चरकवाल्याची तारीख लवकर मिळाली, म्हणून "तोडून घ्या" असं मीच म्हणाले. कणसं तेव्हा हुरड्यातून नुकतीच बाहेर पडत होती. रस पातळ निघाला, जळण जास्त लागलं, काकवी कमी पडली. राखलेलं बी यंदा निम्मंही उगवलं नाही. बियाणं पुन्हा विकत घ्यावं लागलं.

असं का झालं? फुलोऱ्यानंतर ताटात साखर साठत जाते आणि त्याच दिवसांत दाणाही भरतो. लवकर तोडलं की दोन्ही अर्धवट राहतात. कोवळा दाणा वाळल्यावर सुरकुततो, त्याला उगवायची ताकद नसते.

मग वेळ ओळखायची कशी? फुलोऱ्यानंतर तीस दिवसांनी शेतात फेरी सुरू करा. कणसाच्या मधले चार दाणे काढा. दाणा जिथे चिकटलेला असतो, त्या टोकाला काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. साधारण 35 ते 40 दिवस लागतात. रसाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. 16 ते 18 ब्रिक्स आली तर चांगलं.

पण ठिपका दिसल्यावर फार थांबूही नका. पाऊस आला तर दाण्याला बुरशी लागते, पाखरं बसतात, ताटं लोळतात, रसही कमी होतो.

तोडणीच्या दिवशी आधी कणसं खुडा, मग ताटं तोडा, पाला काढा आणि त्याच दिवशी चरकाला लावा. ताटं पडून राहिली की साखर घटते. रस तर काही तासांतच आंबायला लागतो, म्हणून लगेच कढईत घ्या.

बियाण्याची कणसं वेगळी, पातळ पसरून वाळवा. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा. 75 तरी उगवले पाहिजेत. आणि एक लक्षात ठेवा, सीएसएच 22 एसएससारख्या संकरित वाणाचं बी राखायचं नाही, सुधारित वाणाचंच राखायचं.

यंदा तारीख चरकवाला नाही, दाणा ठरवेल. फुलोऱ्याचा दिवस आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा. पहिल्या फेरीला मी तुमच्याबरोबर येते.